बालमानसशास्त्रात काम करायचंय? आधी काम ठरवा, मग पदवी

'चाइल्ड सायकॉलॉजिस्ट' व्हायला कोणती पदवी घ्यायची, हे बारावीनंतर अनेक जण विचारतात. या नावाचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. कायद्याने नोंदणी लागते ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आणि विशेष शिक्षकाला. बाकी मुलांबरोबर मानसशास्त्राचं काम करणारे शाळेतले समुपदेशक, बालविकास केंद्रातले कार्यकर्ते, संशोधक वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात. म्हणून आधी पदवी शोधू नका. रोज सकाळी नेमकं काय काम करायला आवडेल ते ठरवा आणि तिथून मागे येत पदवी निवडा.

तिसरीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तोंडी सगळं सांगतो, पण वहीत 'व'चा 'ब' होतो, वेलांट्या आणि मात्रा गळतात, फळ्यावरचं कधीच पूर्ण उतरत नाही. सोमवारी सकाळी पोटात दुखतं. या एका मुलाभोवती पाच-सहा जणांचं काम असतं. वर्गशिक्षिका आणि शाळेतले समुपदेशक ही गोष्ट हेरतात, पालकांना बोलावतात, वह्या गोळा करतात. बालरोगतज्ज्ञ नजर आणि ऐकणं तपासून घ्यायला सांगतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बुद्धिमापन करतात, लक्ष, भावना आणि वर्तन तपासतात. विशेष शिक्षक वाचन-लेखन कोणत्या इयत्तेच्या पातळीवर आहे ते पाहतात आणि पुढे महिनोन् महिने तेच शिकवतात. औषधाची गरज वाटली तर बालमानसोपचारतज्ज्ञ लागतात, म्हणजे एमबीबीएस होऊन मानसोपचारात एमडी केलेले डॉक्टर. मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला औषध लिहिता येत नाही.

हा क्रम मोडला की नुकसान मुलाचं होतं. नजर तपासायच्या आधीच अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन-गणितात अडण्याचा, शिक्का बसतो आणि सहा महिन्यांनी कळतं की त्याला चष्मा हवा होता. घरी अहिराणी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीतून होते आणि भाषा न येणं हे बुद्धी कमी असणं म्हणून नोंदलं जातं. या क्षेत्रातल्या बऱ्याच चुका सिद्धांत न येण्यापेक्षा घाईमुळे होतात.

दारं कोणती आणि कुठे उघडतात

अकरावी-बारावीला कोणतीही शाखा चालते. बारावीला मानसशास्त्र हा विषय घेता येतो, पण तो घेतला नाही म्हणून काही अडत नाही. बी.ए.ला प्रवेश घेताना मात्र कॉलेजात मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, ते विचारा. काही ठिकाणी तो पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरताच असतो आणि पुढे मुख्य विषय बदलायची वेळ येते. संख्याशास्त्र टाळू नका. सरासरी, प्रमाण विचलन, शततमक (पर्सेंटाइल) हे न समजता चाचणीचा निकाल वाचणारा माणूस आकडा सांगू शकतो, त्याचा अर्थ सांगू शकत नाही.

एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाचा कलिना इथला उपयोजित मानसशास्त्र विभाग, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही परिचित नावं आहेत. संस्था निवडताना नावाआधी एक प्रश्न विचारा: प्रत्यक्ष मुलांबरोबर, कुणाच्या तरी देखरेखीखाली, किती तास काम करायला मिळेल? उत्तर 'एक प्रकल्प असतो' एवढंच आलं तर ते तास तुम्हाला बाहेरून मिळवावे लागतील.

एका वाटेची चर्चा फार कमी होते. गृहविज्ञान शाखेतला 'मानव विकास' हा विषय, उदाहरणार्थ एसएनडीटी महिला विद्यापीठात, लहान मुलांचा जितक्या बारकाईने अभ्यास करायला लावतो तितका मानसशास्त्राचा नेहमीचा अभ्यासक्रम लावत नाही. शून्य ते सहा वयोगट, बालवाडी, पालकांबरोबरचं काम यात रस असेल तर ही वाट आधी पाहा. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घातला. बालवाडीला मुलांच्या अंगणात नेण्याची कल्पना तिथेच रुजली. त्या कामाचा धागा या अभ्यासात आजही सापडतो.

दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करायचा विचार असेल तर थांबा. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली आहे. नोकरी सांभाळून घरबसल्या करायचा हा मार्ग त्यामुळे बंद झाला. तरीही कुणी प्रवेश देत असेल तर फी भरण्याआधी विद्यापीठाची मान्यता यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, हे नाव पक्कं लक्षात ठेवा. १९९२च्या कायद्याने ही परिषद आली आणि तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आजवरचा रस्ता एम.ए.नंतर दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा होता. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी यूजीसीने त्याची मुदत २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत वाढवून दिली. आरसीआयने २०२४-२५ पासून नवी रचना आणली आहे: चार वर्षांची क्लिनिकल सायकॉलॉजीतली बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.ए. आणि पुढे साय.डी. ही डॉक्टरेट. साध्या एम.ए. मानसशास्त्राची गल्लत या नव्या एम.ए.शी करू नका. नावं जवळची आहेत, पण नोंदणीच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे.

इथली नेहमीची फसगत अशी असते. संस्था सांगते 'आमचा कोर्स आरसीआय मान्यताप्राप्त आहे', पण ती मान्यता जुन्या वर्षाची असते किंवा त्याच संस्थेच्या दुसऱ्या कोर्सची असते. परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव, कोर्सचं नाव, मान्यतेचं वर्ष आणि जागांची संख्या या चारही गोष्टी जुळल्या तरच पैसे भरा. तीन महिन्यांचा 'चाइल्ड सायकॉलॉजी डिप्लोमा' शिक्षकाला किंवा पालकाला उपयोगी पडेल. त्याच्या जोरावर निदान करता येत नाही.

शिकत असतानाच हाताला लावायची सवय: निरीक्षण

पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून एकदा एखाद्या बालवाडीत किंवा अंगणवाडीत जायची परवानगी मिळवा. कोपऱ्यात बसा. एक मूल निवडा आणि दहा मिनिटं फक्त दिसेल ते लिहा. 'चिडला' हे दिसत नाही, तो तुमचा अंदाज आहे. दिसतं ते असं: 'बाईंनी वही बंद करायला सांगितली. त्याने पेन्सिल खाली टाकली, टेबलाखाली शिरला, दोन मिनिटांनी बाहेर आला, शेजारच्या मुलीच्या डब्यातला लाडू पाहू लागला.' आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, हे तीन रकाने. महिनाभर असं लिहिलं की लक्षात येतं, टेबलाखाली जाणं नेहमी लिखाणाच्या आधी होतं, खेळाच्या आधी कधीच होत नाही. आता विचारण्यासारखा प्रश्न तुमच्याकडे आहे.

यापुढची पायरी मोजण्याची. दहा मिनिटांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे वीस चौकोन आखा. एकच वर्तन ठरवा, उदाहरणार्थ 'जागेवरून उठणं', आणि ज्या चौकोनात ते दिसेल तिथे खूण करा. मित्राला शेजारी बसवून त्यालाही वेगळ्या कागदावर तेच करू द्या. वीसपैकी सतरा चौकोन जुळले तर तुमची जुळणी ८५ टक्के आहे. ८०च्या खाली गेली तर दोष मुलात नसतो, तुमच्या व्याख्येत असतो. गुडघे टेकून खुर्चीवर उभं राहणं म्हणजे उठणं की नाही, हे आधी ठरलेलं नव्हतं.

मुलांचा विचार कसा वाढतो याचा अभ्यास करणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञ प्याजेच्या प्रयोगांची नुसती टिपणं काढू नका, एक तरी करून पाहा. काचेचे दोन सारखे पेले आणि एक उंच, अरुंद पेला घ्या. स्टीलचे नकोत, पातळी बाहेरून दिसायला हवी. दोन सारख्या पेल्यांत समान पाणी ओता आणि पाच वर्षांच्या मुलाकडून 'दोन्हींत सारखंच' असं कबूल करून घ्या. मग त्याच्या देखत एका पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओता आणि विचारा, कशात जास्त आहे? बरीच मुलं उंच पेल्याकडे बोट दाखवतात. आता दुसऱ्या मुलाबरोबर पहिला प्रश्न गाळून फक्त ओतल्यानंतर विचारा. उत्तरं बदलू शकतात. कारण मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार. पुढे मुलाखती घेताना ही गोष्ट फार कामी येते.

पहिली भेट

पहिल्या भेटीसाठी ७५ ते ९० मिनिटं राखून ठेवा आणि त्यातला पहिला भाग पालकांना मुलाशिवाय भेटा. मुलासमोर त्याच्या तक्रारींची यादी वाचली गेली तर पुढचे चार आठवडे गट्टी जमत नाही.

जन्माचा आणि वाढीचा इतिहास घेताना 'मान कधी धरली, कधी बसला, कधी चालला' असं विचारलं की बऱ्याच आया 'वेळेवरच' म्हणतात. महिने कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सण राहतात. बोरन्हाण कधी केलं ते विचारा. 'पाटावर बसवलं तेव्हा कुणी धरलं होतं का? समोर पडलेले चुरमुरे मुठीने ओढत होता की दोन बोटांनी एकेक उचलत होता?' मार्चच्या मध्यात जन्मलेलं बाळ पुढच्या संक्रांतीला दहा महिन्यांचं असतं. त्या वयात आधाराशिवाय बसणं आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू धरणं अपेक्षित आहे. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही करतात, म्हणून तारीख विचारूनच महिने मोजा. फोनमध्ये फोटो असतोच, तो मागा. आजी सोबत आली असेल तर तिला बाहेर बसवू नका, पुष्कळदा सगळ्यात नेमकं तिलाच आठवत असतं.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय दुरुस्त करून मोजावं लागतं. पूर्ण दिवस चाळीस आठवड्यांचे धरले तर बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वयातून आठ आठवडे वजा करायचे. वरच्या उदाहरणातलं बाळ असं असेल तर संक्रांतीला ते दहा नव्हे, साधारण आठ महिन्यांचं धरायचं. ही दुरुस्ती दोन वर्षांपर्यंत करतात. ती विसरली की निरोगी बाळ मागे पडलेलं दिसतं आणि घर विनाकारण हादरतं.

चाचण्या

भारतीय मुलांच्या बुद्धिमापनाचा इतिहास आपल्या अगदी जवळचा आहे. बिने-कामत चाचणीतले डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी परदेशी चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात वेश्लरच्या चाचणीचं भारतीय रूप १९६९मध्ये केलं, आणि सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापनश्रेणीचं नागपूर रूपही त्यांचंच. या चाचण्या आजही वापरल्या जातात. त्यांची मानकं, म्हणजे तुलनेसाठी धरलेले त्या त्या वयाच्या मुलांचे गुण, मात्र जुनी आहेत. पिढ्यांगणिक गुण वाढत जातात, त्यामुळे जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक खरा असतो त्यापेक्षा थोडा जास्त येतो. ज्या मुलाला मदतीची गरज आहे ते मूल अशाने सत्तरच्या, म्हणजे बौद्धिक अक्षमतेच्या सीमेच्या, वर दिसून सुटून जाऊ शकतं. सीमेवरचा आकडा आला तर दैनंदिन कौशल्यांची माहिती जोडल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

चाचणी शक्यतो सकाळी घ्या. मूल जेवलेलं, झोप झालेलं, चष्मा लावलेलं असावं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत तासाभराहून जास्त बसवू नका, मध्ये पाणी आणि दोन उड्या. खिडकी मैदानाकडे उघडत असेल तर मुलाची पाठ खिडकीकडे करा. आई खोलीत बसायलाच हवी असेल तर तिची खुर्ची मुलाच्या मागे ठेवा. आईच्या भुवया पाहून उत्तर बदलणारी मुलं खूप असतात.

आकडे ऐकून परत म्हणायच्या उपचाचणीत मराठीत एक खास चूक होते. आकडे सेकंदाला एक या गतीने, सुट्टे वाचायचे असतात. परीक्षक घाईत 'पाच, आठ' जवळजवळ म्हणतो, मुलाच्या डोक्यात त्याचं 'अठ्ठावन्न' होतं, दोन गोष्टींऐवजी एकच लक्षात ठेवावी लागते आणि गुण फुगतात. मोबाइलच्या ठोक्यावर घरी सराव करा. शेवटच्या आकड्याला आवाज किंचित उतरवा, म्हणजे 'आता तू' हे मुलाला कळतं.

सेगाँ फॉर्म बोर्डमध्ये दहा लाकडी आकार असतात. ते तीनदा बसवायला लावतात आणि सगळ्यात कमी वेळ धरतात. वेळ लिहून थांबू नका. मूल चुकलेला तुकडा जोराने दाबतं, की उचलून फिरवून पाहतं, की तुमच्याकडे पाहतं? अहवालात या ओळींचा उपयोग पालकांना आकड्यापेक्षा जास्त होतो.

स्वमग्नतेसाठी भारतीय मापनश्रेणी, म्हणजे आयएसएए, ४० मुद्द्यांची आहे. प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात. ७०च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. पालकांना विचारूनच ४० रकाने भरणं ही इथली मोठी चूक. मूल समोर हवं आणि निदान एकदा खेळताना पाहिलेलं हवं.

अध्ययन अक्षमतेच्या निदानाची घाई तिसरीच्या, म्हणजे आठ वर्षांच्या आधी करू नका. त्याआधी 'धोका दिसतो, शिकवायला सुरुवात करा' एवढंच म्हणा आणि खरोखर सुरुवात करा. मदत प्रमाणपत्राची वाट पाहत थांबवायची नसते.

अहवालाचं पहिलं पान मराठीत, पालकांसाठी असावं. मूल काय करू शकतं ते आधी, अडचण नंतर, घरी करायच्या तीन गोष्टी शेवटी. बुद्ध्यांक एकट्या आकड्यात न देता पट्ट्यात द्या. आकड्याला चिकटलेली अनिश्चितता लपवली की घरात तो आकडाच मुलाचं नाव होऊन बसतो. चाचणीतले प्रश्न समाजमाध्यमांवर टाकू नका, सराव झालेल्या मुलावर ती चाचणी पुन्हा चालत नाही.

कायदा, जो पहिल्या दिवसापासून लागू आहे

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२चा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१खाली गुन्हा आहे. विद्यार्थी असलात तरी हे तुम्हाला लागू आहे. म्हणून मुलाला 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधी देऊ नका. 'तू सुरक्षित राहावंस म्हणून ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन' असं आधीच सांगा. मूल बोलू लागलं तर ऐका. 'काकांनीच केलं ना?' असा प्रश्न विचारू नका, तेच पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. पेल्यांचा प्रयोग आठवा, दुसऱ्यांदा विचारलं की मूल उत्तर बदलतं, आणि इथे त्याची किंमत फार मोठी असते. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहा आणि लगेच वरिष्ठांना सांगा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

कामं कुठे मिळतात

शाळा हे सगळ्यात मोठं क्षेत्र. सीबीएसई शाळांत समुपदेशकाची अट असल्याने तिथे जागा निघतात. मुलाखतीत विचारून घ्या की समुपदेशनाला दार बंद होईल अशी खोली आहे का आणि तुम्हाला रिकाम्या तासाला वर्गावर पाठवणार का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कधीकधी' असेल तर ते रोज असतं, आणि ज्या बाई परवा शिस्त लावत होत्या त्यांच्याशी मूल मोकळं बोलत नाही.

सरकारी बाजूला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्या पालघरलाच झाली. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र अशी रचना आहे, आणि त्या केंद्रात मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. पद बहुधा कंत्राटी असतं. पण एका वर्षात जितकी मुलं तिथे पाहायला मिळतात तितकी खाजगीत पाच वर्षांत मिळत नाहीत. विकासात्मक अडचणींच्या मुलांसाठी मुंबईतलं 'उम्मीद' हे केंद्र प्रशिक्षणही देतं. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात आणि २०१५च्या बाल न्याय कायद्यात त्यांच्या पात्रतेत बालमानसशास्त्राच्या पदवीचा स्पष्ट उल्लेख आहे.

स्वतःची खोली थाटायची घाई करू नका. निदान दोन वर्षं अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करा आणि नंतरही महिन्यातून दोनदा आपल्या केसेस कुणाला तरी दाखवत राहा. खोलीत बॅटरीवरची खेळणी नकोत, ती स्वतःच खेळतात. माती, खडू, लाकडी ठोकळे, प्राणी, बाहुल्यांचं एक कुटुंब आणि भातुकली एवढं पुरतं. बाहुल्यांमध्ये आजी-आजोबा ठेवाच. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि दर भेटीला ती तिथेच सापडावी.

नेहमीची भेट ४५ मिनिटांची. संपायच्या पाच मिनिटं आधी मुलाला सांगा. काम पूर्ण होत आलं की शेवटची भेट कोणती हे निदान तीन भेटी आधी सांगा आणि भिंतीवर तीन चौकोन काढून प्रत्येक भेटीला एक मुलालाच रंगवू द्या.